खरवडलेला ओढा

१८ जून, बुधवार
बारावीचं पहिलं प्रॅक्टिकल. आपापल्या भागाचा नकाशा घरून काढून आणायला सांगितला होता. उत्तर दिशा, प्रमाण, सूची, भूमी उपयोजनाचे रंग. निम्म्यांनी मोबाइलवरून उतरवलाय. शिवाजी पेठेतल्या एकानं तालीम, फुटबॉलचं मैदान आणि मिसळीचं दुकान एवढंच दाखवलं, बाकी पेठ कोरी.

प्राची कांबळेचा सगळ्यांत नीटस. नदीकाठची त्यांची वस्ती, वस्तीच्या मागं अपार्टमेंटस्, त्यापलीकडं रस्ता. पण अपार्टमेंटच्या मधोमध एक निळी रेघ, थेट नदीपर्यंत. तिथं पाणी नाही. त्या रस्त्यानं मी जाते-येते. लाल पेननं गोल केला, ‘चूक’ लिहिलं. दहापैकी सहा.

ती म्हणाली, "आज्जा म्हणत्यात हितं ओढा हाय." वर्ग हसला. मीही हसले.

१९ जून, गुरुवार
सकाळी चहा गाळता गाळता हात थांबला. ती रेघ तिनं दाखवलेल्या विहिरीपाशी डावीकडं मोडते, कोपरात वाकवलेल्या हातासारखी. अशी वळणं माणूस मनानं काढत नाही.

ते वळण मला माहीत आहे.

कॉलेजात दोन तास झाले. काय शिकवलं ते आठवत नाही.

२२ जून, रविवार
लिहून टाकते. इथं तरी.

एम.ए.ला होते तेव्हा राजारामपुरीत एका खाजगी मोजणीवाल्यांकडं ट्रेसिंगचं काम करायची. एका दवाखान्याच्या वर, पहिला मजला. साहेब आणि माणसं जागेवर जाऊन मोजून आणायची, पेन्सिलचा कच्चा नकाशा माझ्या टेबलावर यायचा, मी तो ट्रेसिंग पेपरवर शाईत उतरवायची. हात चांगला होता माझा. साहेब तसं चारचौघांत म्हणायचे आणि मी फुगायची.

नदीकाठच्या त्या जमिनीचा नकाशा पूर्ण झाला होता. साहेबांनी ओढ्यावर बोट ठेवलं, म्हणाले हे काढून टाक, जमीन घेणाऱ्या पार्टीला नको आहे. ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही. अर्धं ब्लेड धरायचं आणि हलक्या हातानं खरवडायचं, मग ती जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. दुपारचं जेवण झाल्यावर बसले, चार वाजेपर्यंत ओढा नव्हता.

विचारलं नाही का ते. चोविशीतली होते, शेंबडी नव्हते.

अवि म्हणाला, आज बायको गप्प गप्प का. म्हटलं, पेपर तपासायचेत.

२५ जून, बुधवार
प्राचीनं नकाशा परत काढून आणला. ओढा गाळून. "आता बरोबर हाय न्हवं मॅडम?"

मार्क देता येईनात. म्हटलं राहू दे माझ्याकडं. घरी कोण कोण असतं विचारलं. आई कागल एमआयडीसीत कंपनीच्या कँटीनला, वडील नाहीत, आज्जा गवंडीकाम करायचे, आता घरीच. आज्जी मागच्या पुरात गेली.

कशी, हे विचारायला नको होतं. सगळे पुढच्या अंगाला नदीवर लक्ष ठेवून होते. पाणी पायरीला लागलं की आज्जीला उचलून शाळेत न्यायचं ठरलेलं. ती आत पडून होती, कंबरेचं दुखणं. पायरी कोरडी होती तोवर मागच्या खोलीचं दार पाण्यासकट आत आलं. दुपारची वेळ. पाच-सात मिनिटांत सगळं.

"आज्जा म्हणत्यात पाणी नदीचं न्हवतं, मागनं आलं. लोकं म्हणत्यात, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

तिनं हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मी तिच्या नकाशाची घडी घालत राहिले.

२८ जून, शनिवार
जाऊन आले. अपार्टमेंटच्या दोन इमारतींमधून पार्किंगची उतरती फरशी जाते. पाऊस किरकोळ, तरी फरशीवरून पाण्याची एक धार चाललेली. विहीर बुजवून तिथं छोटं देऊळ झालंय. देवळापाशी धार डावीकडं वळते. फरशीला तिथं काही वळण नाही. पाणी मात्र वळतं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. वॉचमननं येऊन विचारलं, कुणाकडं जायचंय बाई.

पुढं वस्तीत प्राचीचं घर. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण, तिच्यावर रंग दिलाय तरी दिसते. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी आज्जीचा फोटो. यशवंतआज्जा दारात बसलेले. पोरीचं कसं काय हाय म्हणाले. हुशार आहे म्हटलं. मग त्यांनी आपणहून काढलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी ओढा दाखवला, तर त्या माणसांनी आज्जांनाच मंजूर नकाशा दाखवला. "नकाशात न्हाय म्हणल्यावर काय बोलायचं? मलाच वाटाय लागलं, मी खुळा झालोय."

पाणी मागितलं, प्यायले, आले.

२ जुलै, बुधवार
बारावीला मानवी वसाहती. वसाहत कुठं बसते: पाणी, उंचवटा, वाट. एका पोरीनं विचारलं, वसाहतीची जागा आधी ठरते की नकाशा आधी. वर्गात कुणी असं विचारलं की मला बरं वाटतं. आज खडू खाली ठेवून बसले.

संध्याकाळी मोजणीवाल्या साहेबांकडं गेले. चौऱ्याऐंशी वय, डोळे गेलेत. आवाजावरून ओळखलं, सुनंदा ना म्हणाले, तुझ्यासारखा हात परत मिळाला नाही. मी ओढ्याचं काढलं. त्यांना लगेच आठवलं, त्याची जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "मोजणी मे महिन्यातली. त्यात थेंब पाणी नव्हतं. मग ओढा कसला?" मी आज्जीचं सांगितलं. ते म्हणाले, "तू नुसती शाई फिरवलीस. सही माझी आहे. जा घरी."

जिना उतरताना कळलं की मी हेच ऐकायला गेले होते. आणि ऐकून काही हललं नाही.

३ जुलै, गुरुवार
भांडी घासताना तारेच्या घासणीचा आवाज. ब्लेडचा आवाज असाच होता, याहून बारीक. काम करताना ऐकू यायचा नाही, आता येतो.

४ जुलै, शुक्रवार
माळ्यावरून एम.ए.चं जर्नल काढलं. होतं. त्या वर्षी प्रॅक्टिकलला जागेवरच्या मोजणीचा नकाशा लावावा लागे, तेव्हा साहेबांना विचारून तोच पेन्सिलचा कच्चा कागद लावला होता, त्यावरची नावं आणि सूची माझ्या अक्षरात. ओढा आहे, विहीर आहे, जांभळाचं झाड, धुण्याचे धोंडे. खाली परीक्षकांची सही, तारीख, ‘उत्तम’.

ज्या ओढ्यासकट मला उत्तम मिळालं तोच मी आधी पक्क्या नकाशातून खरवडला होता.

अविला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "कुणी विचारलंय का तुला? नाही ना?" मग नोकरीचं, कॉलेजच्या नावाचं, रिटायरमेंटचं. सगळं खरंच आहे. शेवटी म्हणाला, त्या बाई काही परत येणार नाहीत. मी म्हटलं, पाणी येणार आहे. तो जेवण अर्धं टाकून उठला.

६ जुलै, रविवार
जर्नल घेऊन गेले. प्राची क्लासला, आई कामावर. बरं झालं.

आज्जांच्या पुढ्यात कागद उघडला. चष्मा नाही लावला त्यांनी. विहिरीवर बोट ठेवलं आणि ओढ्यानं खाली खाली आणलं. हितं जांभूळ. हितं बायका धुणं धुवायच्या. बोट नदीत उतरल्यावर हात तसाच ठेवून म्हणाले, "म्हंजी मी खुळा न्हाय."

तिथंच थांबायला हवं होतं असं एकदा वाटलं. पण सांगितलं. की पक्क्या नकाशातून हा मी काढला, माझ्या हातानं, ब्लेडनं.

शिव्या देतील असं धरून गेले होते. त्या खाल्ल्या असत्या. ते माझ्याकडं बघेचनात. कोनाड्याकडंही नाही. जमिनीकडं बघत बोलले.

"तुम्ही कागदावरनं काढलासा. मुजवाय मी हुतो. तीन महिनं रोजंदारीवर. मुरूम, राडारोडा, ट्रक यायचं, आमी पसरायचो. दुपारच्याला म्हातारी डबा घिऊन यायची तितं. म्हणायची, ह्यातनं पाणी जायाचं कुठनं आता?"

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

"मी तिला म्हटलं, तुला काय करायचंय."

निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, कागदाचं काय करायचं ते करा, पोरीला कळलं तरी चालंल तुमचं. "माझं सांगू नगा तेवढं."

हो म्हणाले.

८ जुलै, मंगळवार
प्राचीला लॅबमध्ये बोलावून माझं सांगितलं. फक्त माझं. ती उभीच होती. विचारलं, "मग मला सहा मार्क का दिलासा?" पहिल्या नकाशावर सहाचे दहा करण्यात काही अर्थ नव्हता, तरी करायला गेले, तर तिनं नकाशा काढून घेतला.

दुपारी परत आली. म्हणाली, ओढा मोकळा करा म्हणून महापालिकेला अर्ज मी लिहिते, तुम्ही सही करा. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या ती घेणार. माझ्याकडं न बघता बोलत होती, पण सगळं मुद्देसूद.

१६ जुलै, बुधवार
अर्ज दिला, जर्नलची झेरॉक्स जोडली. मूळ मागितलं तर दाखवू. चौकशी लागेल म्हणाले.

पाऊस चार दिवस धरून आहे. पंचगंगा पात्राबाहेर. येता-जाता त्या पार्किंगपाशी रिक्षा थांबवते. रिक्षावाल्यांना वाटतं, इथं माझं कुणी राहतं.

आज वर्गात माणूस आणि पर्यावरण. ‘मानव पर्यावरणात बदल घडवून आणतो’ असं फळ्यावर लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं. प्राचीनं पेन उचललं नाही. मी फळा पुसला.

२१ जुलै, सोमवार
अपार्टमेंटच्या सोसायटीचे अध्यक्ष घरी येऊन गेले. सभ्य माणूस, शिक्षकच होते. म्हणाले, आम्ही मंजूर नकाशा बघून घर घेतलं, आमची काय चूक? खरं आहे. मग चूक कुणाची, हे विचारत ते बराच वेळ बसून राहिले. बायकोचं बायपास झालंय, पार्किंग खोदलं तर पायऱ्या चढाव्या लागतील तिला. मी चहा केला.

अवि आता विचारत नाही. डबा मात्र स्वतः भरून घेतो. ६.४० ची कंपनीची बस, जाताना दार हळू लावतो.

२९ जुलै, मंगळवार
चौकशी झाली.

खोलीत अधिकारी, सोसायटीचे अध्यक्ष व त्यांचे वकील, आम्ही तिघं. आज्जांना पांढरा शर्ट, प्राचीनं इस्त्री केलेला. वकिलांनी मंजूर नकाशा पसरला. मी जर्नल उघडून शेजारी ठेवलं. दोन्हींवरचं अक्षर एकाच हाताचं, कुणालाही दिसेल.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हा ओढा यात का नाही?

"मी खरवडला," म्हणाले. आवाज नीट आला. कुणाच्या सांगण्यावरून, ते नावही दिलं. वकील म्हणाले, विद्यार्थिदशेतलं जर्नल आहे, मोजणी करणाऱ्या गृहस्थांचे डोळे गेलेत, हा पुरावा कसा? अधिकारी बरे होते. म्हणाले, ओढा प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी आहे का इथं?

प्राचीनं आज्जांच्या दंडाला धरलं. "आज्जा, सांगा की."

ते उठले. माझ्याकडं एकदाच बघितलं. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "मला काय आठवत न्हाय सायेब."

प्राचीला वाटलं त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. तिनं मोठ्यानं परत सांगितला. ते म्हणाले, "वय झालं. न्हाय आठवत." आणि बसले.

जागेवर पाहणी करू, पुढची तारीख कळवू, असं लिहून घेतलं. मूळ जर्नल त्यांनी ठेवून घेतलं, पोच दिली. बाहेर पावसात आज्जा छत्री न उघडता चालत गेले. प्राची त्यांच्या मागं पळाली.

मी सांगू शकले असते तिथंच, की ओढा त्यांनीच मुजवलाय, विसरतील कसे. हो म्हणाले होते त्यांना, म्हणून गप्प बसले. की पुन्हा एकदा न विचारता गप्प बसण्याची सवय म्हणून? कळत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
प्राची तीन दिवस कॉलेजात नव्हती. आज तास संपल्यावर दारात थांबली. सगळे जाईपर्यंत थांबली.

म्हणाली, आज्जा जेवत नाहीत. बोलत नाहीत. काल पाऊस जोरात आला तर मागच्या खोलीत जाऊन दाराला पाठ लावून बसले, उठेनात. आईनं आणि तिनं ओढून बाहेर आणलं.

"वस्तीतली म्हणत्यात, सोसायटीवाल्यांनी आज्जांना गप्प केलं." मग माझ्याकडं बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ. "मॅडम, त्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आलतासा. मी नव्हतो. काय बोलणं झालं तुमचं?"

वरच्या मजल्यावर बाकं ओढल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, त्यांना विचार.

"विचारलं. ते म्हणत्यात, मॅडमना विचार."

ती अजून उभी होती. बाहेर पाऊस थांबला होता. मी दप्तर खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, बस.