मागच्या भिंतीबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तर, निवृत्त सरकारी मोजणीदार, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या मुलाला असा दाखला मिळाला असता की नाही, याची मला शंका आहे. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याइतकी धमक आमच्या घरात कोणातच नाही.

कलम १. माझी मोजणीची साखळी, तिपाई व नकाशांची पेटी मोजणी कार्यालयाला द्यावी. तिथे ती धूळ खाईल. पण मुलाकडे गेली तर भंगारात जाईल.

कलम २. मुलाला बँकेतली ठेव मिळावी. जमीन दिली तर ती विकून तो दुसरा खड्डा विकत घेईल. पहिला प्लॉट त्याने भर उन्हाळ्यात, दलालाच्या गाडीतून खाली न उतरता पसंत केला. मी म्हणालो, "एकदा पावसाळ्यात जाऊन बघ." तर म्हणाला, "बाबा, तुमचा काळ वेगळा होता." बुजवलेल्या तळ्यावर घर बांधून हे शहाणे आता दर पावसाळ्यात सोफा विटांवर चढवतात. ठेवीबरोबर त्याने थोडी अक्कलही घ्यावी, फुकट आहे म्हणून टाकू नये. जमीन घेताना शेजारच्या भिंतींवर ओलीची रेघ कुठवर चढली आहे ते बघावे. कमरेइतका खड्डा खणून खालची माती हातात घ्यावी. कागदावर दाखवलेला रस्ता जागेवर आहे का, ते आपल्या पायांनी चालून पाहावे. विकणाऱ्याला काही विचारू नये, तो बोलणारच, शेजाऱ्याला विचारावे. आणि हद्दीचा दगड सख्ख्या भावाने दाखवला तरी मोजणी झाल्याशिवाय सही करू नये.

कलम ३. माझ्या मेव्हण्याला काहीही मिळू नये. त्याने कारण विचारल्यास कलम ४ मोठ्याने वाचून दाखवावे. त्याला सोयीप्रमाणे कमी ऐकू येते.

कलम ४. राहते घर मुलीला मिळावे. परंतु ते किती माझे आहे, हे आधी सांगणे भाग आहे. ही जागा मी मेव्हण्याकडून घेतली. मागच्या कोपऱ्यातल्या दगडावर पाय ठेवून तो म्हणाला, "भाऊजी, ही हद्द. आता घरच्या माणसाचीही मोजणी लावणार का?" पत्नी म्हणाली, "माझ्या भावाच्या जागेवर साखळी टाकलीत तर मी माहेरी तोंड कसं दाखवू?" झाले. आयुष्यभर लोकांना "मोजल्याशिवाय घेऊ नका" असे बजावणाऱ्या मोजणीदाराने स्वतःची जागा तेवढी मोजली नाही. चहा प्यायला, सही केली आणि त्या दगडाला धरून घर बांधले.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला गंमत दाखवायला मी अंगणात साखळी काढली. आकडा तिनेच वाचला. मागची भिंत पावणेतीन फूट शेजारच्या जागेत होती. स्वयंपाकघराचा ओटा आणि मोरी परक्या जमिनीवर. मी साखळी गुंडाळली आणि गप्प बसलो.

नुसता गप्प बसलो असतो तरी चालले असते. शेजारी कपडे शिवणाऱ्या बाई व त्यांचे यजमान राहत. ते कधी मोजणीचा विषय काढतील, या धास्तीने भांडणे मीच उकरून काढली. त्यांच्या लिंबाच्या फांद्या माझ्या भिंतीला घासतात म्हणून नोटीस पाठवून ते झाड तोडायला लावले. झाड त्यांचे, जमीन त्यांची, आणि आवाज माझा. वर त्यांनाच अडाणी म्हणत आलो. या कागदात मी ज्यांची अक्कल काढली, त्यांतल्या कोणीही इतका हलकेपणा केलेला नाही. मला त्याची लाज वाटते.

कलम ५. ती पावणेतीन फुटांची पट्टी मी बाईंना देत नाही. जे माझे नाही ते देणारा मी कोण? ही फक्त कबुली आहे. माझ्यामागे महिन्याभरात मुलीने सरकारी मोजणी लावून मागची भिंत पाडावी व हद्दीच्या आत नवी बांधावी. ओटा आखूड होईल, होऊ द्यावा. "आता कोण बघतंय" असे मुलगा म्हणाल्यास त्याची ठेवही मुलीला मिळावी.

बाईंना या मृत्युपत्रातून काही मिळत नसल्याने त्यांनी साक्षीदार व्हायला हरकत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून आज त्यांना बोलावले. सगळे वाचल्याखेरीज सही करणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि वाचत बसल्या.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: १४ जुलै
सही: मोजणीदार

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या कपडे शिवणाऱ्या बाई (सही). सहीखाली त्यांच्याच अक्षरात:

"वाचलं. भिंत उठली त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी टेप लावून बघितलं होतं. तुमची मुलगी तेव्हा दहा दिवसांची होती. बाळंतिणीच्या घरात तोडफोड नको म्हणून आम्ही बोललो नाही. तुम्ही कधीतरी स्वतःहून येऊन सांगाल, असं हे शेवटपर्यंत म्हणायचे. आता मरणाची वाट कशाला बघताय? सोमवारी गवंडी बोलवा."