तिसऱ्या हंगामाची खालची पाने

मी, मनाली भाऊसो शिंगे, वय सत्तावीस, संशोधक विद्यार्थिनी, राहणार गडमुडशिंगी, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आता लागू पडत नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. मी आईला सांगितलेले नाही; तिला कळले आहे.

१. बँकेतील शिल्लक व कानातले आई धोंडुबाई हिला. कानातले तिने जपून ठेवू नयेत, घालावेत.

२. माझी दुचाकी भाऊ धम्मपाल याला. "पानं तपासून पोट भरतंय व्हय गं?" असे तो पाव्हण्यांसमोर म्हणाला होता. तो राग मी बरीच वर्षे धरला. पुढे बर्फाच्या डब्यातून माझी पाने प्रयोगशाळेत त्यानेच पोहोचवली. वाटेत चहालाही थांबला नाही. राग या कलमाने संपला. दुचाकीचा ब्रेक सैल आहे, तो आधी नीट करावा.

३. माझा प्रबंध. उसाच्या पानांत गंधक वापरात आणणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, पान वाढताना आणि जून होताना कशी बदलतात, हा विषय आहे. कोवळ्या पानात ती जोमाने काम करतात, पुढे मंदावतात. त्यांतले एक मात्र अगदी खालच्या, पिवळ्या पानातही टिकलेले मला दोन हंगामांत आढळले. तिसऱ्यात खात्री करायची होती. त्यासाठी वय कळावे म्हणून आमच्या रानातल्या उसाच्या पानांना रंगीत दोरे बांधले होते.

तेव्हाच मला इस्पितळात ठेवले. मी घरी येईन तेव्हा ऊस मोकळा दिसावा म्हणून आईने नेहमीच्या रीतीने खालचा पाला काढून म्हशीला घातला. दोरे सोडवून, धुऊन माझ्या उशाशी आणून ठेवले. म्हणाली, "तुझं दोरं वाया जायला नगोत."

मार्गदर्शक सर म्हणतात, "कल दिसतोच आहे, तिसरा आकडा त्यावरून बसवू." मला पदवी मिळावी एवढाच त्यांचा हेतू आहे. तरी आकडा बसवू नये. वडिलांनी, कालकथित भाऊसोंनी, मला शाळेआधी घरीच पाटीवर शिकवले. येत नाही ती ओळ कोरी ठेव, असे ते सांगत. ती जागा कोरी ठेवावी. खाली 'पाने वेळेआधी काढली गेली' एवढेच लिहावे. कुणी काढली, हे लिहू नये.

माझे सर्व नमुने प्रयोगशाळेत माझ्यामागून आलेल्या संयोगिताला. तिने नव्या लागणीत पुन्हा तपासावे. माझे चुकलेले निघाले तर तसेच छापावे.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा.

५. दोरे कशासाठी होते हे आईला कळले, त्या दिवसापासून तिने त्या उसाला हात लावलेला नाही. पाला वाळून लोंबतो आहे, म्हशीला वैरण विकत आणावी लागते. धम्मपालने विचारले तर म्हणते, "नगं बाबा, तिचं कायतरी असंल त्यात."

आता त्यात माझे काही नाही. धम्मपालने हे कलम आईला वाचून दाखवावे आणि तिच्यासोबत उसात जावे.

आई, पाला काढ.

(सही) मनाली भाऊसो शिंगे

लिहिणारीने आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही, हे तिने दोनदा विचारून घेतले.
साक्षीदार : (सही) बुद्धभूषण धनवडे, शिक्षक
(सही) डॉ. राजवर्धन चौगले

गडमुडशिंगी, ९ ऑक्टोबर २००३