किल्लीच्या दुकानावर उगवलेल्या सूर्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
छोटे व्यवसाय प्रोत्साहन कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : किल्लीच्या दुकानावरील पाटीचा मजकूर बदलणे, ते होणार नसल्यास पाटीवरील अर्जदाराचे नाव खोडणे.

संदर्भ : सदर पाटीबद्दल आपण अर्जदारास पाठवलेले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

अर्जदार आपल्या कार्यालयात मजकूर लिहितो. छोट्या दुकानदारांना कार्यालय पाट्या फुकट करून देते. चित्र आणि मांडणी डिझायनरची, शब्द अर्जदाराचे. निदान तशी समजूत आहे.

१. कार्यालयाखालच्या कुलूपवाल्या काकूंचे यजमान वारले तेव्हा दुकान काही दिवस बंद होते. किल्ल्या घासायच्या त्या काकूच. यजमान फक्त पुढे बसत. पण दुकान उघडले तरी लोकांना वाटे, किल्लीवाला गेला, संपले. गिऱ्हाईक दारावरून हळहळत पुढे जाई. म्हणून काकूंनी पाटी मागितली. अर्जदाराने लिहिले : "किल्ली हरवली? इथे नवीन करून मिळेल. दुकान चालू आहे. काकू स्वतः करतात." काकूंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "झालं की! आणखी काय सांगायचंय?"

२. आपल्या कार्यालयाची रीत अशी की मजकूर टेबलाटेबलावरून फिरतो आणि एखादा शब्द बदलल्याशिवाय कोणी सही करत नाही. नुसती सही केली तर न वाचता केली असे दिसते म्हणे! उपप्रमुखांना 'हरवली' अशुभ वाटले, पहिले वाक्य गेले. हिशेबनीस म्हणाले, "चालू आहे म्हटलं की आधी बंद होतं हे लोकांना कळतं." ते वाक्यही गेले. 'काकू' म्हणणे कार्यालयाच्या इभ्रतीला शोभत नाही, असा शोध तिसऱ्या टेबलाला लागला. डिझायनरने कुलपाचे चित्र जुनाट म्हणून काढून उगवता सूर्य घातला, आणि जागा मोकळी दिसते म्हणून 'काहीतरी भारदस्त' मागितले. अर्जदाराने हात जोडले. मग ती जागा सर्वांनी मिळून भरली.

३. आज पाटीवर आहे : "विश्वासाची नवी पहाट! सुरक्षित प्रवेशाचा सर्वांगीण अनुभव. आपल्या उद्यासाठी, आजच." खाली मजकूरकार म्हणून अर्जदाराचे नाव. महोदय, चघळून चघळून चोथा झालेले हे शब्द दुसऱ्याच्या ताटात कसे वाढायचे? अर्जदाराच्या बायकोने पाटी पाहून विचारले, "अगं बाई, इथे विमा विकतात का?" एक आजोबा पेन्शनचे कागद घेऊन आले. एक आई पाळणाघर समजून मुलाला घेऊन आली. काकू सगळ्यांना बसायला देतात, समजावून सांगतात, आणि संध्याकाळी एकही किल्ली न घासता शटर ओढतात. दुकान चालत नसेल तर जागा सोडा, असे थोरल्या दिरांनी त्यांना बजावले आहे.

४. अर्जदाराने तोंडी तक्रार केली. उत्तर मिळाले की पाटी आदर्श ठरली आहे. त्यानंतर शिंप्याच्या दुकानावर तोच सूर्य उगवला. आता चष्मेवाल्याची पाळी आहे. या सगळ्याची अर्जदारास शिसारी आली आहे, आणि हे सौम्य शब्दांत सांगणे त्याला जमत नाही.

५. परवा उपप्रमुखांच्या कपाटाची किल्ली सापडेना. ते स्वतः खाली उतरले, काकूंच्या पाटीखाली उभे राहिले, पाटी वाचली आणि आत डोकावून म्हणाले, "बाई, इथे जवळपास किल्लीवाला कुठे मिळेल हो?" काकू म्हणाल्या, "मीच की." साहेबांना चेष्टा वाटली. ते गाडी काढून बाजारात गेले.

त्याच संध्याकाळी काकूंनी दिरांना निरोप धाडला की जागा बघायला यायला हरकत नाही. अर्जदार भेटायला गेला तेव्हा त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तू लिहिलंस ना रे हे? खाली तुझंच नाव आहे."

दीर रविवारी येणार आहेत. त्याआधी पाटीवर, किल्ली करून मिळते, एवढे तरी लिहू द्यावे. तेवढेही मंजूर होणार नसेल तर नाव आजच खोडावे. शिडी अर्जदार स्वतः धरील.

आपला नम्र, पण त्या पाटीचा कोणीही नसलेला,
(सही)
मजकूर-लेखक
दिनांक : आजचाच.

सोबत : काळ्या रंगाचा लहान डबा, एक. ब्रश, एक.