काचेच्या अलीकडे

४ तारीख

ती. ताईस,
पायावर डोकं ठेवून नमस्कार. आईला त्याहून थोडा जास्त.

तुझी भाची ठीक आहे. आम्ही तिला मॅडमच म्हणतो. सातव्या महिन्यात घाईनं आल्या, वजन एक किलो तीनशे, तोरा मात्र विचारू नकोस! पण चार दिवस वजनाचा काटा हलत नाहीये. तुझ्या भावजयीला ताप, म्हणून ही खालच्या मजल्यावर. आज सिस्टर म्हणाल्या, बाळ आता स्थिर आहे, बाबांनीच उघड्या छातीवर धरायचं. त्या उबेनं बाळ अंग धरतं. मी खोकल्याचं नाटक करून पळालो. ताई, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. नाजूक वस्तूला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायची, हेच हाडीमाशी खिळलंय. हसू नकोस.
तुझा धाकटा

६ तारीख

चि. घड्याळवाल्यास,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

पोरीला काय चिमट्यानं धरणारेस? दुकानातली गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून तुला पुढून उघडणारा सदरा शिवलाय, दोघं मावतील असा. सोबत पाठवतेय.

तूही सातव्याच महिन्यातला. एकवीस दिवस काचेच्या पेटीत होतास. तेव्हा तिथे आईला हात लावू देत नसत. ती काचेवर बोटं टेकवून उभी राहायची. पुढे घरी आणल्यावरही तुला उचलताना तिचे हात कापायचे, मग मीच तुला कडेवर घेऊन हिंडायचे. आई मायेला कमी नाही रे, ती घाबरली ती घाबरलीच. तू तसा राहू नकोस.

माया आहेच, तू अक्कल तेवढी वापर.
ताई

९ तारीख

ती. ताईस,
खाली मान घालून नमस्कार.

तुझं पत्र वाचून हुरूप आला आणि घोळ झाला. केस तिला टोचतील म्हणून मी छाती वस्तऱ्यानं गुळगुळीत केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं. सिस्टरनी कपाळावर हात मारला. केस चालतात, जखमा चालत नाहीत, असं अख्ख्या वॉर्डासमोर सुनावलं आणि बरं होईपर्यंत थांबायला लावलं. त्यात मॅडम दहा ग्रॅमनी उतरल्या. जिन्यात बसून रडलो गं.

मग सिस्टरनाच दया आली. धुतलेले दोन्ही हात पेटीच्या झरोक्यांतून आत घालू दिले, एक तळवा तिच्या डोक्यावर नुसता ठेवायचा म्हणाल्या. मॅडमनी दुसऱ्या हाताची करंगळी पकडली ती सोडेनातच.
तुझा बिनकेसांचा भाऊ

१४ तारीख

ती. ताईस,
बसल्या जागेवरूनच नमस्कार, उठता येत नाही.

मॅडम छातीवर आहेत! टोपी, लंगोट आणि वरून तुझा सदरा. आजचा चौथा दिवस. पहिल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायला लावलं. पाच मिनिटं मीच श्वास घ्यायला विसरलो. तासभर बसायचं ठरलं होतं. विचारलं तर म्हणे सव्वादोन तास झाले. काल काटा हलला, पंचवीस ग्रॅम वर! हिचाही ताप गेलाय. उद्यापासून ही माझी जागा बळकावणार.

म्हणून रविवारी तासाभरासाठी तुमच्याकडे येतोय. आईला सांगून ठेव, मला एकदा जवळ घे म्हणावं. हात कापले तरी चालतील. वजन चौऱ्याऐंशी किलो आहे, पण बाळ सातव्या महिन्यातलं आहे.
तुझा धाकटा