चार बोटं पाणी

प्रिय रोवन,

रविवारी तू फोनवर चाळीस मिनिटं बोललास, त्यातली निम्मी क्रिकेटवर आणि उरलेली मुलांच्या शाळेवर. टाकीबद्दल एकच वाक्य होतं, “उभी राहिली ना? मग झालं तर.” फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून होते. आपलं ठरलेलंच होतं ना, ख्रिसमसला? जानेवारी संपायच्या आत नवी टाकी जागेवर उभी राहिली, तर तू मला ॲडलेडला नेण्याचा विषय पुन्हा कधी काढायचा नाहीस; नाही राहिली, तर मी तोंडातून चकार शब्द न काढता सामान बांधायचं आणि शेत विकायला काढायचं. तू शब्दाचा पक्का आहेस, बापासारखा. म्हणून तर सगळं नीट लिहून कळवायला बसले आहे.

टाकीखालचा वाळूचा ओटा मी एकटीने केला. सिमेंटच्या जुन्या टाकीला तडा गेल्यापासून घरामागच्या छोट्या टाकीवरच भागवत होते, हे तुला माहीत आहे. आठ दिवस रोज सकाळी दोन तास वाळू ओढायची, फळी फिरवायची, लेव्हल लावायची आणि कंबर धरून पायरीवर बसायचं. ऑक्टोबरात अंगणात पडले होते तेव्हापासून डावा गुडघा माझं ऐकत नाही. पडले होते हे तुला सांगितलं होतं. किती वेळ तशीच पडून होते ते सांगितलं नव्हतं. असो. ओटा मात्र असा झाला होता, की क्लेमने पाहिला असता तर वाकून एकदा डोळा लावला असता आणि काही न बोलता चहा मागितला असता. तुझ्या बाबांची शाबासकी तशीच असायची.

गुरुवारी साडेबाराला ट्रक आला. बाहेर बेचाळीस डिग्री, उत्तरेचा वारा, आग पेटवायला कडक बंदी जाहीर झालेली. पुढे इशाऱ्याची पिवळी गाडी घेऊन बार्नी नावाचा म्हातारा आणि मागे ट्रक चालवणारी त्याची भाची कर्स्टी. रोवन, मी जन्मभर या मुलखात टाक्या पाहिल्या, पण शेहेचाळीस हजार लिटरची प्लास्टिकची टाकी रस्त्यावरून चालत येताना नव्हती पाहिली. आधी झुडपांच्या वर एक हिरवा डोंगर दिसला. तो सावकाश वळला आणि आपल्या फाटकाशी येऊन थांबला. फाटक दोन वीत अरुंद! कर्स्टी खाली उतरली, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मिसेस पॅस्को, फाटक हवंय की टाकी?” बार्नीने तोवर पहार काढलीसुद्धा होती. तुझ्या आजोबांनी रोवलेला तो खांब अर्ध्या तासात आडवा झाला, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट काही वाटलं नाही.

पुढचं मात्र मी तोंड उघडं टाकून पाहिलं. मला वाटत होतं क्रेन येईल, साखळ्या येतील. कसलं काय! ट्रकची पाठ तिरकी केली, दोर सैल सोडत टाकी आडवीच जमिनीवर उतरवली आणि त्या दोघांनी तिला नुसते तळहात लावले. घराएवढी वस्तू, आठशे किलोच्या वर वजन, आणि ती निघाली की हो गडगडत! मी वाटेतले दगड आणि मॅलीच्या झुडपांचे बुंधे आदल्या दिवशीच वेचून ठेवले होते, तरी बार्नी पुढे जाऊन पायाने चाचपत होता. मी मदतीला म्हणून जोर लावायला गेले तर ओरडला, “ढकलू नका बाई! ढकललं की ती ऐकत नाही. हात ठेवा आणि वाट दाखवा, बास.” मी हात ठेवला. तापलेल्या तव्यासारखी लागत होती. आणि माझ्या या सुकलेल्या हाताखाली ती वळली, रोवन. कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, लिंबाच्या झाडाला न लागता, ओट्यापर्यंत आली. मग दोर बांधून ट्रकने हळूच ओढली आणि ती उभी राहिली. धप्प असा आवाजसुद्धा झाला नाही, नुसता एक सुस्कारा. क्लेम गेल्यानंतर या आवारात एवढं भव्य काही घडलं नव्हतं.

कर्स्टीने घाम पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी कुठाय?”

तुला वेगळं सांगायला नको. रिकामी टाकी म्हणजे वाऱ्याला नुसतं शीड. बूड भरेल इतकं, चार बोटं तरी पाणी लगेच घालावंच लागतं. ब्यायशीच्या दुष्काळात तुझ्या काकांनी घातलं नव्हतं, पाणी उद्या आणतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची टाकी तीन कुंपणं ओलांडून गव्हाच्या धसकटात सापडली, फाटलेली. तेव्हापासून तुझे बाबा टाकी उभी राहिली की चार बोटं पाणी पडेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. आणि गुरुवारी रेडिओ सकाळपासून सांगत होता, की चारच्या सुमारास वारा फिरणार, नैर्ऋत्येकडून जोराचे झोत येणार.

मी म्हटलं, “पाण्याची गाडी येत नाहीये.” कर्स्टीने घरामागच्या छोट्या टाकीकडे पाहिलं. मी म्हटलं, “ते प्यायचं आहे, आणि तळालाच आहे.” टाकी उभी करून दिली की कर्स्टीचं काम संपतं, पुढे मालकाने बघायचं, तसं कागदावर लिहिलेलं असतं. ती सही घेऊन गेली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण तिने ट्रकमध्ये चढून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचा गाडीतला रेडिओ उचलला आणि म्हणाली, “पॅस्कोंच्या शेतावर रिकामी टाकी उभी आहे, चार वाजता वारा फिरतोय. जवळ पाणी असलेलं कुणी आहे का?”

आता पाणी जवळ कुणाच्या असतं, उन्हाळ्यात, आगबंदीच्या दिवशी? प्रत्येकाच्या पिकअपवर असतं ते वणव्याचं पाणी. चारपाचशे लिटर, पंप आणि नळी. त्याला मार्चपर्यंत कुणी हात लावत नाही, तहानेने जीव गेला तरी. अशा दिवशी ते पाणी दुसऱ्याला द्यायचं म्हणजे आपलं घर उघडं टाकायचं.

तीन वाजता पहिली धूळ दिसली. एर्न लिंडनर. तोच, कुंपणापलीकडचा, जो गेली अकरा वर्षं माझ्याशी हवामानापलीकडे बोललेला नाही. त्याच्यामागे आणखी चार गाड्या, आगीला धावतात तशा दिवे लावून. एर्न उतरला आणि कडाडला, “ग्लेनिस, चार बोटं पाण्याचं तुला सांगावं लागतं? क्लेमने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून आला असता!” आणि बोलता बोलता त्याने नळी कर्स्टीच्या हातात दिली. ती शिडीवर चढली. पाणी त्या प्रचंड पोकळीत पडलं, तो आवाज मी कसा सांगू? रिकाम्या चर्चमध्ये एकच माणूस गाऊ लागतो ना, तसा. मागून दुसरी नळी, तिसरी. एकेकाच्या गाडीवरची टाकी कोरडी होत गेली आणि कुणी काटा बघितला नाही. आपली माणसं अशी आहेत हे मला इतकी वर्षं माहीत होतं, असं मी समजत होते. मला काहीच माहीत नव्हतं.

चारला दहा कमी असताना वारा फिरला. धुळीची लाल भिंत आली आणि अंगण दिसेनासं झालं. टाकी ढोलासारखी घुमत होती, थरथरत होती, पण बूड हललं नाही. आम्ही सगळे ट्रकच्या आडोशाला उभे होतो आणि टाकीकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे क्षितिजाकडे बघत होते, कुठे धूर दिसतो का. पाच रिकाम्या गाड्या, अठरा किलोमीटरवर गावातला नळ, आणि प्रत्येकाची बायकापोरं घरी. वीस मिनिटं गेली. धूर कुठेच नव्हता. वारा जरा पडल्यावर एर्न “चला” म्हणाला आणि सगळे पाणी भरायला गेले. मला आभार मानायलाही कुणी वेळ दिला नाही.

आता जे तुझ्या मनात केव्हाचं आलं असेल ते. चाळीस वर्षं या शेतावर राहिलेली बाई पाणी कसं विसरते? मी विसरले नव्हते रे. पाण्याची गाडी गुरुवारी दुपारी दोनची ठरली होती. सकाळी सात वाजता रेडिओवर वाऱ्याचं ऐकलं आणि मीच फोन करून ती नको म्हणून सांगितलं. मला ती टाकी उडून जायला हवी होती. मला इथे भीती वाटते, रोवन. त्या दिवशी अंगणात मी साडेचार तास पडून होते आणि सगळा वेळ तुझं नाव घेत होते. पण तीन वर्षं तुला ताठ मानेने नाही म्हटल्यावर आता हो कुठल्या तोंडाने म्हणू? वाटलं, वाऱ्यानेच म्हणावं. काल मी एर्नकडे गेले आणि हे सगळं त्याच्यापुढे ओकून टाकलं. वाटलं, हाकलून देईल. तो म्हणाला, “माहीत होतं. पाण्याची गाडी माझा मेव्हणा चालवतो. त्याने आठलाच कळवलं होतं.” मी विचारलं, मग का आलास? त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, “जायचं तर सांगून सवरून जा, ग्लेनिस. क्लेमचं घर असं वाऱ्यावर सोडून जाऊ देणार नव्हतो आम्ही तुला.” तू शब्द दिला आहेस, विषय काढणार नाहीस. म्हणून मीच काढते आहे. मला न्यायला ये.

तुझीच,
आई