सात त्रेचाळीसची नोंद

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. आई गोळ्या घेते म्हणते, पण माझ्यासमोर घेत नाही. विचारलं की डबी कानाजवळ नेऊन खुळखुळवून दाखवते. आता यावरून काय समजायचं ते तूच समज, औषधांचं दुकान तुझं आहे.

फोन करायचा सोडून मी कागद का काळे करतोय, असं वाटेल तुला. फोन स्वयंपाकघरात आहे आणि आई फोनजवळ. जे लिहायचंय ते तिच्या कानावर पडायला नको.

बाबांना जाऊन दोन महिने होतील. दुर्बीण अजून परसातच आहे, ताडपत्रीखाली. साडेसात वाजले की आई ओट्याशी उभी राहते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने सेकंद मोजायला लागते. तू सासरी गेल्यावर बाबांनी ही तिघांची पद्धत बसवली, म्हणून तुला नीट सांगतो. चंद्र सरकत सरकत एखाद्या ताऱ्यासमोर येतो आणि तारा पापणी लवायच्या आत त्याच्याआड जातो. ती वेळ सेकंदासकट पकडायची. बाबा नळीला डोळा लावून बसायचे. आई आत, खिडकीचा पडदा ओढून, सेकंद म्हणायची. पडदा अशासाठी की आतला उजेड परसात आला तर बाबा घर डोक्यावर घ्यायचे. मी टॉर्चला लाल कागद गुंडाळून, वही घेऊन पायरीवर. तारा गेला की बाबा बोटातली अंगठी पत्र्याच्या नळीवर एकदा वाजवायचे. ती वाजली की आईने थांबायचं आणि तिने म्हटलेला शेवटचा आकडा मी लिहायचा. मधे कुणी बोलायचं नाही.

ताई, ती अंगठी आता पुन्हा वाजते.

हसू नकोस. आकाश मोकळं असलं की संध्याकाळी आठाला वीसएक मिनिटं कमी असताना परसातून आवाज येतो. तोही एकदा नाही, तीनदा. पहिला खणखणीत, पुढचे दोन हलके. बाबांनी उभ्या आयुष्यात एकापेक्षा जास्त वेळा कधी वाजवली नाही, आणि अंगठी तर आईच्या कपाटात आहे. आवाज आला तरी आई थांबत नाही, मोजतच राहते. तिला ऐकू येतं का, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी गोष्ट. बाबांच्या आकाश मंडळाचे चिटणीस येऊन गेले. त्यांना वार्षिक अंकात बाबांची शेवटची नोंद छापायची आहे: सात वाजून त्रेचाळीस मिनिटं तेरा सेकंद. वही महिनाअखेरीस हवी आहे. आईने लगेच होकार दिला. येईल त्याला ती सांगते की हातातलं काम पुरं करून मगच गेले. मला मात्र वही द्यायची नाही. कारण विचारू नकोस. जमलं तर तिला काही दिवस तुझ्याकडे घेऊन जा.

भावजींना नमस्कार. राग नसावा, लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझा
धाकटा


१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं आणि आधी हसले. मग एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, त्याला मी पोटाचं दिलं. त्याच पावली माघारी आलं म्हणून बरं.

अरे, दिवसभर उन्हात तापलेला पत्रा संध्याकाळी गार होताना वाजणारच. आमच्या दुकानाचं शटरसुद्धा दिवेलागणीला आपणहून कुरकुरतं, त्यात कुठल्या सासऱ्यांचा आत्मा आहे? तू दिवसभर दातांच्या कवळ्या बनवतोस, मेण गार होताना आक्रसतं हे मी तुला शिकवायचं का? दुर्बीण उचल आणि अडगळीच्या खोलीत ठेव. आवाज बंद होईल.

आई मोजते त्याचं मला फार वाटत नाही. तीस वर्षांची सवय दोन महिन्यांत सुटत नाही. मी अजून रविवारी सकाळी बाबांच्या पत्राची वाट बघते. माझ्याच पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचे ते! मुद्रितशोधकाची मुलगी होणं म्हणजे काही सोपं काम नव्हतं.

पण वहीचं मला खुपतंय. चुकीचं छापलेलं बाबांना खपायचं नाही, पण बरोबर आहे ते छापायला तुझी हरकत का? लहानपणी तू काही लपवलंस की तुझे कान लाल व्हायचे. या पत्रातही झालेत, मला इथून दिसतात. बाबा गेले त्या संध्याकाळी मी यायचं कबूल करून आले नाही, ते मला रोज टोचतं, पण ते मी कुणापासून लपवत नाही. काय असेल ते सरळ लिही.

जेवत जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. दुर्बीण सोमवारी अडगळीच्या खोलीत नेली, नळीवर जुनी गादी घातली आणि दाराला कडी लावली. मंगळवारी आवाज आला. खोलीतून नाही, परसातून, जिथे बाबांची खुर्ची असायची तिथून. बुधवारी पुन्हा. मी पायरीवर उभा होतो, समोर नुसती मोकळी जमीन आणि वाळत घातलेली चादर.

आता जे विचारलंस ते. दोन महिने गिळून बसलोय.

त्या संध्याकाळी मी पायरीवर नव्हतो. शेजारच्या टीव्हीवर सामन्याची शेवटची काही मिनिटं चालली होती. साडेसातला आईने मोजायला सुरुवात केली, बाबांनी नळीला डोळा लावला आणि मी वही पायरीवर ठेवून बाजूच्या फाटकातून सटकलो. अजून तेरा मिनिटं होती. वाटलं, बाबांचं लक्ष वर आहे, पाच मिनिटांत येतो. सामना लांबला. मी परतलो तेव्हा पावणेआठ होऊन गेले होते. आतून मोजणं ऐकू येत नव्हतं. म्हणजे तारा गेला, अंगठी वाजली, आणि लिहायला कुणी नाही. बाबा नळीवर वाकून तसेच बसलेले होते. मला वाटलं, रागाने बोलत नाहीत.

मग मी ते केलं. वहीत बाबांचा कागद खोचलेला होता, त्यावर गणिताने काढलेली वेळ होती: सात त्रेचाळीस दहा. ती जशीच्या तशी लिहिली तर पकडला जाईन, म्हणून तीन सेकंद वाढवले. आईला मोजलेले आकडे लक्षात राहत नाहीत, हे तर आपण सगळे धरूनच चालतो. लिहून झाल्यावर मी बाबांना मोठ्याने आकडा वाचून दाखवला. जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले की सगळं पाच-दहा मिनिटांत झालं असावं, आणि कुणी जवळ असतं तर कदाचित. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आईने विचारलं, तारा बघितला का त्यांनी? मी म्हटलं, हो, अंगठी वाजली, मी ऐकली. तिचा चेहरा इतका निवला की मला ते वाक्य परत घेता आलं नाही.

न ऐकलेला आवाज मी ऐकला म्हणालो, आणि आता तो मला रोज ऐकू येतो. आईला सांगून टाकू का?

क्षमा कर म्हणत नाही. तुटू नकोस एवढंच.

तुझा
धाकटा


२८ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावजींनाही दाखवलेलं नाही. मला तुझा राग आला आहे. किती आणि कुठवर, ते मलाच माहीत नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

आईला अजिबात सांगायचं नाही. ती त्या एका आकड्यावर उभी आहे. तो काढून घेतलास तर ती कशावर उभी राहील? वही सापडत नाही म्हणून सांग. चिटणिसांना मी पत्र टाकते आणि पुढच्या आठवड्यात येऊन आईला घेऊन जाते. तिथल्या त्या परसापासून ती लांब राहिलेली बरी, आणि तूही.

काहीही झालं तरी तू माझा भाऊ आहेस, हे मला स्वतःलाच दोनदा सांगावं लागलं. तेवढं ओळखून माया ठेव.

ताई


२ मे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं अक्षर लावून घे. लिहायची सवय गेली आहे, आमच्याकडे लिहिण्याचं खातं तुझ्या बाबांकडे होतं.

धाकट्याने परवा मला सगळं सांगितलं. तुझं पत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं, घडी दिसत होती. तू नको म्हटलेलं असणार आणि त्याने ऐकलं नाही, यावरून त्याला बोलू नकोस. चाळिशी उलटलेला माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हटलं की मला माहीत होतं. त्याने डोकं वर करून विचारलं, कसं? मी उठले आणि भांडी लावायला घेतली.

ते उत्तर आधी तुला देते.

त्या संध्याकाळी मी साडेसातपासून मोजत होते. तारा किती वाजता जाणार हे ते मला कधीच सांगत नसत. मोजणाऱ्याला वेळ ठाऊक असली की मोजणं बिघडतं म्हणायचे. एकोणचाळीस मिनिटं एकवीस सेकंद म्हटलं आणि अंगठी वाजली. मी थांबले. मग ती पुन्हा वाजली, जरा हलकी. मग आणखी एकदा. मला रागच आला. दूध गॅसवर होतं, वर येत होतं. मी पडद्याआडूनच ओरडले की ऐकलं हो, एकदा पुरे, मी काही बहिरी नाही. त्यानंतर वाजली नाही.

पडदा हातभर सरकवला असता तर ते दिसले असते. मी दूध उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं आणि ओटा पुसला. ताई, दुधाचा एक थेंब सांडला नाही.

रात्री लोक येऊन गेल्यावर वही उघडली तर त्रेचाळीस लिहिलेलं, आणि आत खोचलेल्या कागदावर त्यांचं गणितही त्रेचाळीसचंच. तेव्हाच समजलं की पोरगा तिथे नव्हता. असता तर त्याने एकोणचाळीस लिहिलं असतं. आणि तारा जायच्या आधी चार मिनिटं ते अंगठी कशासाठी वाजवत होते, तेही समजलं. मी गप्प बसले. त्याचा आकडा खोटा म्हणायचा तर माझा खरा सांगावा लागला असता. येईल त्याला काम पुरं करून गेले असं सांगत सुटले, ते तुमच्या बाबांचं कौतुक नव्हतं. मी पोराच्या खोट्यामागे लपून बसले होते.

मी रोज मोजते म्हणून तुम्ही दोघं काळजी करता. मला भ्रम झालेला नाही. त्या दिवशी थांबले, आता थांबत नाही, एवढंच. आवाज मलाही येतो. पत्रा गार होतो म्हणतेस, तर तसं असेल. गादीखालचा पत्रा परसात कसा वाजतो ते मात्र मला सांग.

मंडळाच्या चिटणिसांना मी आज सकाळी स्वतः फोन केला. ती नोंद छापू नका म्हटलं, तारा कुणी बघितलेला नाही. ते बिचारे नुसतेच हो हो करत राहिले.

आता राहिला धाकटा. त्याला वाटतं की तो गेला म्हणून बाप एकटा पडला. या विचाराने तो स्वतःला कुरतडून संपवेल. बाप एकटा नव्हता. दहा पावलांवर मी होते, जागी होते, आणि त्यांनी तीनदा हाक मारलेली मी ऐकली होती. हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. आज तो सातला कामावरून येईल, तेव्हा समोर बसवून सांगणार आहे. हे पत्र आत्ता भर दुपारी स्वतः जाऊन पेटीत टाकते. गुडघा नको म्हणतो, पण एकदा पेटीत पडलं की संध्याकाळी मला माघार घेता येणार नाही.

तू मला न्यायला येणार आहेस असं धाकटा म्हणाला. आजचं ऐकून तो माझ्याशी बोलेनासा झाला, तर तशी ये. बोलला, तर नुसती भेटायला ये.

दोघा भावंडांनी एकमेकांवर लोभ ठेवा, माझ्या वाट्याचा उरला तर बघा.

तुझी
आई