आवाज न करणारी फटफटी

१३ जानेवारी १९७४, रविवार

आज निश्चय केला. पेट्रोल पुन्हा महागलं, आणि पैसे देऊनही मिळत नाही. पंपावर माणसं डबे घेऊन एकमेकांच्या अंगावर रेलून उभी. तासभर पुढच्याच्या घामाचा वास घेतला आणि हात हलवत परत आलो. किळस आली. आपली फटफटी आता विजेवर चालवायची. मी वीज कचेरीत आहे. बिलांच्या विभागात असलो म्हणून काय झालं, वीज ती वीजच.

लीलाला सांगितलं. ती म्हणाली, मग मला होटगीला कोण सोडणार? ही शिक्षिका, शाळा गावाबाहेर होटगीला. रोज मीच फटफटीवर सोडतो आणि परत येऊन कचेरी गाठतो. म्हटलं, आठ दिवसांचा प्रश्न, तोवर रेल्वेने जा. ती म्हणाली, रेल्वे पोचते तेव्हा शाळेची घंटा होऊन गेलेली असते. बायकांना लांबचं दिसत नाही.

१५ जानेवारी

इंजिन काढून विकलं. चांगलं चालू इंजिन, त्यामुळे लगेच गेलं. गॅरेजवाला दोनदा विचारत होता, नक्की विकायचंय ना? अशा संशयी लोकांमुळेच देश मागे आहे.

त्या पैशात लॉरीच्या दोन जुन्या बॅटऱ्या आणि एक डायनॅमो आणला. तत्त्व सोपं आहे. डायनॅमो फिरवला की वीज होते. मग वीज दिली की डायनॅमो फिरलाच पाहिजे. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही? पेटंटचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायचं.

२० जानेवारी, रविवार

साडू चिंतामणराव आले. मुद्दाम आपल्या जावा मोटारसायकलवर बसून. गल्लीच्या तोंडापासून हॉर्न. आमच्या फटफटीचा सांगाडा पाहून म्हणाले, हिचं तेरावं कधी? हिची बहीण हसली, ते समजू शकतो. हिने हसायला नको होतं. चिंतामणरावांना तोंडात पान धरून बोलायची सवय. बॅटरीवर लाल शिंतोडे उडाले. शी. फडक्याने पुसले आणि फडकं फेकून दिलं.

जाहीर करून टाकलं, सव्वीस जानेवारीला नव्या पेठेत डेमॉन्स्ट्रेशन.

२६ जानेवारी

डेमॉन्स्ट्रेशन तांत्रिक कारणाने पुढे ढकललं. चाक उलटं फिरतं. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे मागे जात थेट चाळीच्या मोरीत गेली. तिथे चाळमालक शिवलिंगप्पांच्या आई मल्लव्वा भांडी घासत होत्या. कन्नडमध्ये बोलल्या. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. मोरीतला गाळ अजून पायाच्या बोटांत आहे असं वाटतं.

३ फेब्रुवारी, रविवार

डायनॅमोच फिरवून बसवला. असे उपाय पुस्तकात नसतात.

बॅटरीतलं ॲसिड सांडलं. माझ्या पँटला भोकं पडली, ती क्षुल्लक बाब. पण दोरीवरचं हिचं इरकल लुगडं खाली लोंबत होतं, त्याला जाळी झाली. माहेरचं होतं म्हणे. ते इतकं खाली लोंबणारं वाळत घालायचं नाही, हा कॉमन सेन्स आहे. तसं म्हणालो. रात्री माझ्या ताटात भाकरी थंड होती.

हिला रोज उशीर होतो म्हणून हेडमास्तरांनी ताकीद दिली. मार्चमध्ये इन्स्पेक्टर येणार आहेत. पाच वर्षं टेंपररी आहे ही, या वेळी कायम करायचं की नाही ते तेव्हा ठरेल. म्हणाली, त्या एका दिवशी तरी मला वेळेवर पोचवा. दिला शब्द. सव्वा महिना आहे, तोवर तर गाडी पुण्याला जाऊन येईल.

८ फेब्रुवारी

मंगळवारी बॅटऱ्या घरीच चार्ज करून पाहिल्या. अख्ख्या चाळीचा फ्यूज उडाला. चाळकऱ्यांची लेखी तक्रार दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्याच टेबलावर आली. चौकशी चालू आहे असं उत्तर पाठवलं.

आता बॅटऱ्या टांग्यातून चार्जिंगच्या दुकानात न्याव्या लागतात. घोडं वाटेत दोनदा शेपटी वर करतं आणि मी मागे तोंडाला रुमाल लावून बसतो. ही म्हणाली, विजेच्या गाडीला घोडा लागतो हे नव्हतं माहीत. टोमणा. दुर्लक्ष केलं.

१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

चालली! चाळीच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवलिंगप्पा तोंडात दातवण धरून बघत राहिले. लीलाही दारात आली. म्हणाली, आवाज नाही कुठे? तिला समजावलं, आवाज म्हणजे मागासलेपण. तिने मान हलवली. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

दुपारी नवी पेठ. चिंतामणरावांना निरोप धाडला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

या गावाचा उबग आला.

गाडी चालली. देवाशपथ चालली. चालत्या माणसापेक्षा जलद. पण पेठेत एक माणूस वळून बघेना. फट्फट् नाही तर कशाला बघतील? दोन बायका तर समोरून बाजूलाही झाल्या नाहीत. त्यांना चुकवताना पाय टेकला, आणि तिथेच घात झाला. कापडाच्या दुकानातून सिद्धाप्पा हमाल धावत आला आणि म्हणाला, पेट्रोल सपलं व्हय सायेब? बसा की तुमी, ढकलतो. मागून हात लावला. मी ओरडलो, चालू आहे! तो म्हणाला, व्हय व्हय, चालतीया की. आणखी चौघे आले. मी सोडा सोडा म्हणावं तसा त्यांना जोर चढे. एकाच्या बंडीचा कुबट वास थेट माझ्या नाकात. रिकामटेकड्यांना दुसऱ्याच्या उपयोगी पडायचा केवढा सोस!

थेट पेट्रोल पंपावर नेऊन रांगेत उभी केली. सिद्धाप्पा घाम पुसत म्हणाला, लई जड हाय हो गाडी तुमची. पुढच्या माणसाने मला विचारलं, डबा आणला नाही का? मागून चिंतामणराव आले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, मुकुंदराव, शेवटी पेट्रोलच ना?

१८ फेब्रुवारी

गाडीला आवाज बसवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२१ फेब्रुवारी

मोठा हॉर्न बसवला.

२३ फेब्रुवारी

हॉर्न वाजवला की बॅटरी उतरते आणि गाडी थांबते. म्हणजे एक तर जाता येतं, नाही तर वाजवता येतं. हॉर्न काढला.

१२ मार्च, मंगळवार

उद्या इन्स्पेक्टर. ही म्हणाली, मी आज संध्याकाळच्या गाडीनेच होटगीला जाते आणि सोजरबाईंकडे राहते. सोजरबाई म्हणजे शाळेत पाणी भरणाऱ्या बाई. माझा अपमान झाला. म्हटलं, त्या बाईवर भरवसा आहे आणि नवऱ्यावर नाही?  तिने भरलेली पिशवी परत खुंटीला लावली.

बॅटऱ्या चार्ज करून आणल्या. गाडी पुसली. मागच्या सीटवर तिच्यासाठी उशी बांधली. उद्या हेडमास्तर, इन्स्पेक्टर, सगळेच बघतील.

१३ मार्च, बुधवार

गाव संपेपर्यंत उत्तम. ही मागे बसून कविता पाठ म्हणत होती, वर्गात घ्यायची होती म्हणून. विमानतळाच्या पुढे रस्ता जरासा चढतो. तिथे गाडी थांबली. ही उतरली, गाडी चालली. ही बसली, गाडी थांबली. तीनचार वेळा ट्रायल घेतली. निष्कर्ष स्पष्ट होता, दोष गाडीत नसून वजनात आहे. तसं तिला सांगितलं.

सांगायला नको होतं.

मग गाडी माझ्या एकट्याच्या वजनालाही चालेना. मागून बिरप्पा नावाच्या माणसाची कडब्याने भरलेली बैलगाडी आली. ही हात करून तिच्यात चढली. बिरप्पाला म्हटलं, माझी गाडीही मागे बांधून घ्या. तो म्हणाला, बाई बसल्या न्हवं, आता ह्ये लोखंड कुटं ठिवू? बैल हळू चालत होते. मी चालत गेलो असतो तरी बरोबरीने गेलो असतो, पण गाडी सोडून जाता येईना. बैलगाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. कडब्याच्या ढिगावर ही, मांडीवर पिशवी. एकदाही मागे पाहिलं नाही.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतं?

१४ मार्च

इन्स्पेक्टर प्रार्थनेलाच हजर होते. हिच्या वर्गात बाई नाहीत हे त्यांनी पाहिलं, टिपून घेतलं आणि पुढच्या गावी गेले. आणखी एक वर्ष टेंपररी. हे सगळं तिने कणीक मळता मळता सांगितलं. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. चढ मोजून चूक कुठे झाली ते दाखवणार होतो. हिशेबाचा कागद खिशातच राहिला.

१७ मार्च, रविवार

लीलाने होटगीला खोली घेतली. सोजरबाईंच्या ओळखीने, शाळेला लागून. एक ट्रंक, एक स्टोव्ह, दोन भांडी. म्हणाली, आता उशीर व्हायला नको. म्हटलं, बरं झालं. मलाही रिसर्चला शांतता हवीच होती.

२० मार्च

शांतता आहे. भाकरी करायला गेलो, तव्याला चिकटली. खरवडून काढली आणि शेंगाचटणीशी खाल्ली. घशाखाली उतरेना. दुपारचं दूध नासलं होतं, त्याचा वास अजून घरात आहे. रिसर्चला हात लावला नाही. मूड लागतो.

२४ मार्च, रविवार

चिंतामणराव म्हणाले, जावावर सोडतो होटगीला. नकार दिला. रेल्वेने गेलो. हिच्या खोलीत वीज नाही. चिमणीच्या उजेडात पोरांच्या वह्या तपासते, डोळे लाल झालेत, खोलीभर रॉकेलचा धूर. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धुरानेच असेल. म्हटलं, तू परत चल. तिने विचारलं, मग सोडणार कोण? मी बॅटरीवर बोलू लागलो तर म्हणाली, तुमची गाडी निघेल.

३१ मार्च, रविवार

एक बॅटरी पोत्यात घालून होटगीला नेली. जुन्या हेडलाइटचा बल्ब तिला जोडून हिच्या खोलीत आढ्याला टांगला. लागला! पहिल्याच झटक्यात. भिंतीवरची पाल पळाली इतका उजेड. हिने एक वही उघडून पाहिली. मग दुसरी. मी निघेपर्यंत दिवा विझवला नाही.

हे खरं यश. फटफटी ही फक्त पहिली पायरी होती, हे आता लक्षात येतं.

५ एप्रिल

फटफटीच्या सांगाड्यावर मल्लव्वा पापड वाळत घालतात. शिवलिंगप्पांकडे तक्रार केली. ते म्हणाले, मग काय झालं, उभीच हाय की.

७ एप्रिल, रविवार

दुसरी बॅटरी चार्ज करून नेली. रेल्वेच्या डब्यात एकाच्या धोतरावर ॲसिड सांडलं, होटगीपर्यंत शिव्या खाल्ल्या. वर्णन करत नाही, ओकारी येते.

पोचलो तर हिच्या दारात तोबा गर्दी. होटगीत बातमी पसरली आहे, बाईंच्या खोलीत बटनाचा दिवा लागतो. शेजारपाजारच्या बाया, कडेवर पोरं, सगळ्या आढ्याकडे माना वर करून. इतक्या महिन्यांत माझं काम बघायला पहिल्यांदाच माणसं जमली. छाती भरून आली. बॅटरी खाली ठेवली, शर्ट नीट केला, आणि तत्त्व पहिल्यापासून समजावून सांगावं म्हणून घसा साफ केला.

तेवढ्यात केराबाई नावाच्या एका बाईने माझ्याकडे आणि पोत्याकडे पाहिलं आणि हिला विचारलं, ह्येच व्हय बॅटरीवाले?

ही म्हणाली, हो, हेच.

पुढे, माझे यजमान, असं म्हणेल म्हणून थांबलो.  केराबाई मला म्हणाली, आमच्याकडं बी एक बसवा की. मी बघू म्हणालो. हिने बायांना वाट करायला लावली, नवी बॅटरी कोपऱ्यात कुठे ठेवायची ते दाखवलं, आणि मला चहा दिला. कपबशीतून, नीट विचारून, साखर किती घालू म्हणून.

चहा प्यालो. संध्याकाळची गाडी चुकवू नका म्हणाली. उतरलेली बॅटरी पोत्यात घालून निघालो.